वयाच्या ३४व्या वर्षी दातांना तारा: सव्वीस महिन्यांची हकीकत

२०२२च्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलच्या सुमारास, महाराष्ट्रातले करोनाचे निर्बंध उठले आणि मास्कची सक्ती संपली. सोमवारी ४ तारखेला मी पोस्ट उघडलं, शिक्क्याची तारीख बदलली आणि मास्क नाकावर नीट ओढून खिडकीत बसले. पुढचा महिनाभर तशीच बसत राहिले. कोणी विचारलं की सांगायचे, धुळीची ॲलर्जी आहे.

मला कसलीही ॲलर्जी नाही. माझे वरचे दात पुढे होते. मास्कच्या त्या दोन वर्षांत मी खिडकीतून जितकं मोकळेपणाने बोलले, तितकं आयुष्यात कधी बोलले नव्हते. माणसं आजारी पडत होती, मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवत होते, आणि तोंड झाकलेलं आहे म्हणून मला आतून बरं वाटत होतं. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. आज लिहिते आहे, कारण तारा लावायच्या आधी मी असं कुणी लिहिलेलं खूप शोधलं होतं. माझ्यासारखी बाई, माझ्यासारख्या आडगावात राहणारी, तिशी उलटलेली, तिने हे कसं केलं? तसं मला काही मिळालं नाही.

मी गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात ब्रँच पोस्टमास्तर आहे. नवऱ्याचं शृंगारतळीला गॅरेज आहे. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मे महिन्यात नणंदेच्या घरी हळदीला गेलो होतो. पोरं पडवीत खिदळत होती आणि माझी लेक प्रत्येक वेळी हसताना तोंडावर तळवा धरत होती. तिचे दात चांगले सरळ आहेत. रात्री मी तिला विचारलं, "हात का गं धरतेस?" तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "मोठ्या बायका तशाच हसतात ना?"

तिने पाहिलेली मोठी बाई मीच होते.

लहानपणी मी अंगठा चोखायचे. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत. आईने कडुनिंबाचा रस लावून पाहिला, फडकं बांधून पाहिलं. पक्के दात आले ते पुढेच आले. पाचवीत असताना वर्गातल्या एका मुलाने मला 'खवणी' म्हटलं आणि ते नाव दहावीपर्यंत टिकलं. आमच्याकडे घरोघरी रोज नारळ खवतात. तो खरखर आवाज कानावर आला की मी आतल्या खोलीत जायचे. पुढे लग्नाचे फोटो काढायची वेळ आली तेव्हा ओठ मिटून काढले. बघायला येणाऱ्यांपुढे पोहे ठेवून खाली मान घालून बसले. दोन ठिकाणांहून निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण..." त्या 'पण'नंतर काय आहे ते मध्यस्थाने सांगितलं नाही आणि आमच्या घरात कोणी विचारलंही नाही. तिसऱ्या ठिकाणी लग्न झालं. नवऱ्याने आजपर्यंत माझ्या दातांवर एक शब्द काढलेला नाही. तरी त्याच्याशी बोलतानाही माझा हात वर जायचा.

खरं तर मी एकदा आधीही प्रयत्न केला होता. जुलै २०२१च्या पहिल्या आठवड्यात चिपळूणच्या एका खासगी दवाखान्यात जाऊन तपासून आले, एक्स-रे काढला. तारांचे ४५ हजार सांगितले होते, तारांऐवजी दातांवर घालायचे पारदर्शक साचे हवे असतील तर लाखाच्या वर. विचार करून कळवते म्हटलं. २२ जुलैला चिपळुणात महापूर आला. तो दवाखाना बाजारपेठेत, तळमजल्यावर होता. महिन्याभराने फोन केला तर डॉक्टर स्वतः चिखल काढत होते. माझा एक्स-रे कुठे आहे हे विचारायचं धाडस झालं नाही. आपल्या दातांचं काय एवढं, लोकांचे संसार वाहून गेलेत, असं मनाला सांगितलं आणि विषय मिटवला. तेव्हा मला सुटल्यासारखंही वाटलं होतं.

हळदीच्या त्या रात्रीनंतर मात्र मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग जाऊ या की." सासूबाईंना पटलं नाही. "लग्न झालं, पोर झालं, आता कोणाला दाखवायचंय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखर कळत नव्हतं. मलाही उत्तर देता आलं नाही.

आमच्याकडून चिपळूण, तिथे गाडी बदलून पुढे, असं साधारण तीन तासांवर एक डेंटल कॉलेज आहे. चुलत दिराच्या मुलाचे दात तिथे झाले होते. २१ जून २०२२ला पहाटेच्या एस.टी.ने मी आणि नवरा निघालो. एस.टी.चा संप एप्रिलमध्ये मिटला होता म्हणून गाड्या होत्या, नाहीतर तोही एक बहाणा झाला असता. माझ्या नोकरीत रजा घ्यायची तर बदली माणूस आपणच द्यावा लागतो. माझ्या जागी बसायला शेजारच्या वाडीतली एक पदवीधर मुलगी तयार झाली. पुढची दोन वर्षं तिनेच मला सांभाळून घेतलं.

कॉलेजात जाणाऱ्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण दिवस धरूनच जावं. केसपेपरची खिडकी, मग तपासणी विभाग, तिथून एक्स-रे, एक्स-रे घेऊन पुन्हा तपासणी, तिथून दात सरळ करण्याच्या विभागात. प्रत्येक ठिकाणी वही, सही आणि बाकावर बसणं. आम्ही साडेनऊला पोहोचलो आणि पावणेचारला सुटलो. आधारकार्डाची प्रत लागते. केसपेपरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. माझा कागद दुसऱ्याच महिन्यात पावसात भिजला आणि त्या फोटोमुळेच फाइल सापडली. केसपेपरचे ३० रुपये, जबड्याचा पूर्ण एक्स-रे आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे मिळून ५००.

माझी केस एम.डी.एस., म्हणजे दातांच्या डॉक्टरकीतलं पुढचं शिक्षण, करणाऱ्या एका डॉक्टर मुलीकडे दिली. ती माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान असेल. मी तिला डॉक्टर म्हणायचे, ती मला ताई. तिने पट्टी लावून मोजलं. वरचे दात खालच्यांच्या आठ मिलिमीटर पुढे. दोन-तीन मिलिमीटर असतात ते सर्वसाधारण. ओठ आपोआप मिटत नाहीत, त्यामुळे तोंड कोरडं पडतं आणि समोरच्या हिरड्या सुजलेल्या राहतात, हेही तिने दाखवलं. ती सूज मला इतकी वर्षं माहीतच नव्हती. असे पुढे आलेले दात पडल्या-झडल्यावर तुटण्याची भीती जास्त असते, हेही तिनेच सांगितलं.

मग तिने दहा फोटोंचा एक तक्ता समोर ठेवला. दहा वेगवेगळ्या तोंडांचे समोरचे दात, सगळ्यात सुबक ते सगळ्यात वाईट असे लावलेले. उपचारांची गरज किती, हे ठरवायला ब्रिटनमध्ये १९८९ साली जी पद्धत तयार झाली, तिचा तो भाग आहे. "यात तुम्ही कुठे बसता?" मी क्षणभरही न थांबता शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला सातवर ठेवेन." नवऱ्याने वाकून पाहिलं आणि पाचव्यावर बोट ठेवलं. तिघांनी एकच तोंड पाहिलं होतं.

५ जुलैला साचे आणि फोटो. साचा घेताना गुलाबी लगदा भरलेला ट्रे तोंडात दाबतात, घशाशी आल्यासारखं होतं. नाकाने श्वास घ्यायचा आणि पायाचे अंगठे हलवत राहायचं, ही युक्ती डॉक्टरने सांगितली. ती मला लागू पडली. फोटोंचं मात्र मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. दोन प्लास्टिकचे आकडे घालून ओठ दोन्हीकडे ताणतात आणि नुसत्या दातांचे फोटो काढतात. समोरून, डावीकडून, उजवीकडून, आरसा घालून वरून, खालून. त्याआधी चेहऱ्याचे: गंभीर, बाजूने, आणि हसून. "ताई, हसा." मला जमेना. "दात दिसू देत." चार-पाच वेळा झालं. तिने कॅमेरा खाली ठेवला आणि पंख्याच्या आवाजात आम्ही दोघी गप्प बसलो. मग ती म्हणाली, "हा फोटो फक्त फाइलमध्ये राहणार आहे. माझ्याशिवाय आणि मला शिकवणाऱ्या सरांशिवाय कोणी बघणार नाही." मी हसले. तो फोटो तिने मला पडद्यावर दाखवला. चौतीस वर्षांत माझ्या दातांचा हसरा फोटो तो पहिलाच. मला वाटलं होतं तितका तो भयंकर नव्हता, आणि हे कळल्यावर मला रडूच आलं. खवणी म्हणून हाक मारणारे आता कुठे आहेत, त्यांना काही आठवतही नसेल, आणि मी मात्र वीस-पंचवीस वर्षं ते नाव जपून ठेवलं होतं.

त्याच दिवशी तिने तिच्या प्रबंधासाठी एक प्रश्नावली भरून घेतली. २३ विधानं होती. दातांच्या दिसण्याचा माणसाच्या मनावर आणि चारचौघांतल्या वागण्यावर काय परिणाम होतो, हे मोजायला २००६ साली ती बनवली गेली आणि अनेक देशांत वापरतात, असं तिने सांगितलं. दातांविषयीचा विश्वास, लोकांत वावरणं, मनातली खंत आणि आरसा-फोटो, असे तिचे चार भाग. हसताना आपण स्वतःला आवरतो का, दुसऱ्याचे चांगले दात पाहून वाईट वाटतं का, असं एकेक वाचत गेले आणि अशा प्रत्येक विधानाला माझी खूण शेवटच्या रकान्यात, म्हणजे 'अगदी खरं'. मला वाटायचं हे सगळं माझं एकटीचं आहे. कुणीतरी ते क्रमांक घालून छापलं होतं. डॉक्टर म्हणाली, दात किती मिलिमीटर पुढे आहेत यावरून हे उत्तर ठरत नाही. बारा मिलिमीटरवाली माणसं मजेत असतात आणि एखाद्या वाकड्या दातावरून कुणी घराबाहेर पडत नाही. मला लगेच आमच्या शेजारची मासेवाली आठवली. तिचे दात माझ्यापेक्षा पुढे आहेत आणि तिचं हसणं पुळणीपर्यंत ऐकू येतं. तिला तारांची काहीही गरज नाही, हे मी मनापासून लिहिते आहे.

१९ जुलैला सरांबरोबर बसून आराखडा ठरला. वाढत्या वयात, दहा ते तेराच्या आसपास, जबड्याच्या वाढीला वळण देणारी उपकरणं चालतात. माझ्या वयात ते शक्य नव्हतं. एक मार्ग शस्त्रक्रियेचा, दुसरा सुळ्यांमागचे वरचे दोन दात काढून त्या जागेत समोरचे मागे नेण्याचा. मी दुसरा निवडला. दीड ते दोन वर्षं सांगितली. फी २४ हजार, चार हप्त्यांत. इथे एक गोष्ट नक्की करा: फीमध्ये काय काय येतं ते कागदावर लिहून घ्या. तुटलेलं ब्रॅकेट, म्हणजे तार ओवायला दातावर चिकटवलेला तुकडा, पुन्हा लावण्याचे पैसे वेगळे की आतच, आणि शेवटी दात जागेवर टिकवायला जे रिटेनर लागतात त्यांचं काय, हे मी विचारलं म्हणून आधीच कळलं की रिटेनरचे दीड हजार वेगळे. मेडिक्लेममधून यातलं काही मिळालं नाही, आमच्या पॉलिसीत दातांचे उपचार वगळलेले होते.

२ ऑगस्टला दात साफ केले आणि एका दाढेत सिमेंट भरलं, ४५० रुपये. तारांच्या आधी हे करावंच लागतं.

दात काढायचे गणपतीनंतर, हे मी मागून घेतलं. ३१ ऑगस्टला गणपती आले, मुंबईकर आले, घर भरलं. आरत्यांना मी नेहमीसारखी झांज वाजवत मागे उभी राहिले. झांज वाजवणाऱ्याने गायलं नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. १३ सप्टेंबरला उजवीकडचा आणि २० तारखेला डावीकडचा दात काढला, प्रत्येकी १५० रुपये. सुईपलीकडे काही दुखलं नाही. कापूस तासभर दाबून धरायचा, त्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, थंड खायचं. परतीच्या प्रवासात तीन तास एस.टी.त तोंडावर ओढणी धरून बसले. या वेळी निदान कारण तरी होतं.

७ ऑक्टोबरला दाढांमध्ये निळ्या रबरी कड्या बसवल्या. मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो या चार दिवसांत. मोठा पेरूचा तुकडा दाढांत अडकून राहावा तसं. ११ तारखेला दाढांना पट्ट्या आणि वरच्या दातांना ब्रॅकेट. दातावर निळी जेल लावून धुतात, ब्रॅकेट चिकटवून निळ्या दिव्याने ते पक्कं करतात, आणि शेवटी त्यातून तार ओवतात. ती पहिली तार निकेल-टायटॅनियमची, अगदी बारीक. वाकवली तरी ती आपल्या मूळच्या आकारात परत येऊ पाहते आणि येता येता दाताला हळूहळू ओढते. दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं, म्हणून दात सरकतो आणि म्हणूनच घाई करता येत नाही. खालच्या दातांना तारा १५ नोव्हेंबरला लागल्या.

पहिले चार दिवस पेज आणि मऊभात. गाल आतून सोलवटून निघतात, त्यावर लावायचं मेण मिळतं. शृंगारतळीच्या मेडिकलमध्ये नव्हतं, म्हणून कॉलेजातूनच तीन-चार डब्या घेऊन ठेवल्या. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायच्या. त्या दिवाळीत चकली, कडक बोरं, सगळं बंद. आमच्या भागातल्या खाण्याचं मात्र कुठेच लिहिलेलं सापडत नाही, म्हणून सांगते. हळदीने तारेवरची रबरं दोन दिवसांत पिवळी होतात. कालवण रोजचंच, तेव्हा पांढरी किंवा पारदर्शक न घेता करडी घ्या. तांदळाची भाकरी कालवणात भिजवून चालते. बोंबील, सुरमई चालते, बारीक काट्यांचे पेडवे नकोत. मे महिन्यात हापूस कापून खायचा. रायवळ चोखायचा नाही, त्याचे दोरे तारांत असे गुंततात की आरशासमोर अर्धा तास जातो. फणसाचे गरे टाळा, आंबापोळी-फणसपोळी तर मुळीच नको, आणि भाजलेले काजू अजिबात नको. माझं पहिलं ब्रॅकेट काजूनेच निघालं आणि एक जादा खेप पडली.

लोक काय म्हणाले? पहिल्या दिवशी खिडकीत बसले तेव्हा मास्क नव्हता, तारा होत्या. माझं लपवणंच संपलं, कारण चमकणारं लोखंड लपत नाही. "काय गो बाय, ह्या वयात?" हे मी वीस-पंचवीस वेळा ऐकलं असेल. सुरुवातीला हिरड्यांच्या सुजेचं कारण सांगायचे. ते खरंच होतं, पण अर्धंच. जानेवारीत एका पेन्शनरला मी सरळ सांगून टाकलं, "मला हसायला लाज वाटायची, म्हणून." तो अंगठा यंत्रावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग बरं केलंस." सासूबाईंना जे उत्तर देता आलं नव्हतं, ते असं तिऱ्हाइताला देऊन झालं. त्या संध्याकाळी त्यांनाही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर माझ्या ताटातली भाकरी त्या कुस्करून वाढू लागल्या.

महिन्याला एक खेप. आदल्या दिवशी फोन करून आपले डॉक्टर आहेत ना, हे विचारून निघायचं. १७ मार्च २०२३पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझा जाण्यायेण्याचा अडीचशेचा खर्च सव्वाशेवर आला. जुलैत पावसामुळे एक खेप चुकली. काढलेल्या दातांची जागा भरायला लागली तेव्हा महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर, तीही रबरी साखळीने ओढून. सात मिलिमीटरची फट, आणि ती भरेपर्यंत माझं तोंड आधीपेक्षा विचित्र दिसत होतं. त्या काळात आरशाकडे बघून फार खचायला झालं. या टप्प्याची आधी कल्पना असावी.

त्याच सुमारास डॉक्टरचा तीन वर्षांचा कोर्स संपत आला आणि माझी केस दुसऱ्याकडे गेली. कॉलेजात उपचार घेणाऱ्यांना हे होणारच. नव्या डॉक्टरला फाइल समजून घ्यायला दोन महिने गेले, त्यात फार काही हललं नाही. कॉलेज सोडून निघताना पहिल्या डॉक्टरने मला तो जुना हसरा फोटो छापून दिला. मागे तारीख लिहिली होती.

डिसेंबर २०२३पासून वरून खाली लावायची रबरं. जेवताना सोडून चोवीस तास, रोज नवी. मी ती पोस्टाच्या ड्रॉवरमध्ये शिक्क्याच्या शाईजवळ डबीत ठेवायचे. यात टंगळमंगळ केली तर महिने वाढतात. मी एकही दिवस चुकवला नाही.

२० ऑगस्ट २०२४ला तारा निघाल्या. चिमट्याने ब्रॅकेट सोडवतात, चिकटलेलं सिमेंट घासून काढतात, तासभर लागतो. जीभ दातांवरून फिरवली तर इतकं गुळगुळीत लागलं की दिवसभर तेच करत होते. दोन दातांवर पांढरे डाग राहिलेत. ब्रॅकेटच्या कडेला नीट ब्रश न झाल्याचे ते आहेत, आणि दात घासायला दहा मिनिटं लागतील हे सांगूनही मी कधीकधी पाचातच आटपत होते. मागच्या बाजूने एक बारीक तार कायमची चिकटवली आहे आणि वर काढता-घालता येणारा रिटेनर दिला आहे, सध्या दिवसरात्र, पुढे फक्त रात्री. तो घातला नाही तर दात पुन्हा पुढे येऊ लागतात. एकूण ३१ खेपा. फी, एक्स-रे, रिटेनर, प्रवास, मेण, छोटे ब्रश, सगळं धरून साधारण ३३ हजार लागले.

नव्या डॉक्टरने ती २३ विधानांची प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. बहुतेक खुणा पहिल्या-दुसऱ्या रकान्यात गेल्या. हसताना स्वतःला आवरण्याच्या विधानाशी मात्र मी थांबले आणि मधल्या रकान्यात खूण केली. माझा हात अजून वर जातो. हनुवटीपर्यंत येतो आणि मग मला आठवतं. ७ सप्टेंबरला गणपती आले तेव्हा मी झांज पुतण्याकडे दिली आणि आरतीला पुढे उभी राहिले. माझा आवाज चांगला आहे, असं एका मुंबईकर चुलत सासऱ्यांनी म्हटलं. सोळा वर्षं मी त्या घरात आरतीला उभी राहते आहे.

लेक आता अकराव्या वर्षात आहे. तिचा हात कधी थांबला ते माझ्या लक्षातच आलं नाही.

आमच्या गावात एक आजी आहेत, पंचाहत्तरीच्या. पेन्शन घ्यायला येतात, बोलताना पदर तोंडावर असतो. त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच बायकांसारखी आयुष्यभर मशेरी लावलेली. पुढचे दात गेलेत, उरलेले काळे आणि हलणारे. मागच्या महिन्यात सगळी माणसं निघून गेल्यावर त्या खिडकीशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "नातवाच्या लग्नाला गेले नाय मी. पाय दुखतात म्हणून सांगितलं. सगळे फोटो काढतात गो." मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "म्हातारीला करून देतात काय?"

मी कॉलेजात फोन करून विचारलं. हलणारे दात आधी काढावे लागतील, जखमा भरायला काही महिने जातील, मग कवळी. मशेरीमुळे गाल आणि जीभही नीट तपासून घ्यायला सांगितलं आहे, एखादा पांढरा चट्टा असेल तर तो आधी. येत्या मंगळवारी पहिल्या एस.टी.ने आम्ही दोघी निघतो आहोत. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट लागत नाही, वयाचा पुरावा जवळ हवा. आधारकार्डाच्या दोन प्रती काढून मी ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत.